गोळे मोजताना

सहा वाजता धनराजचा फोन:
"चौघं येऊन राहिले ऑफिसातले. काही विशेष नको करू."
विशेष म्हणजे काय, हे त्यानं सोळा वर्षांत सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही. भरड्याचा डबा काढला.

मानेवाड्याचं हे घर मे महिन्यात
दिवसभराचं ऊन भिंतीत साठवतं
आणि रात्री दहापर्यंत व्याजासकट परत करतं.
पोटाला शेगडीची धग, पाठीला भिंतीची,
मधल्या मध्ये मी
आणि परातीत चण्याच्या डाळीचा भरडा.
हळद, तिखट, हिंग, हातावर चोळलेला ओवा,
बुधवारच्या बाजारातला सांबार, कोवळ्या देठांसकट
(पुण्याच्या जावेला एकदा म्हटलं, सांबार दे थोडा,
तर ती इडलीवरचं पातेलं घेऊन आली),
आणि कडकडीत तेलाचं मोहन, डोळ्याच्या मापानं.

चौघं ते, आम्ही दोघं, आणि रेणू.
माणशी दोन. चौदा.
सासूबाई म्हणायच्या, पाहुण्यांसाठी गोळे मोजू नये.
त्या मनात मोजायच्या.
गोळा घट्ट दाबायचा, हेही त्यांचंच:
"भातात फुटला तं आपली लाज फुटली."
सोळा वर्षं मी दाबत आले,
मुठीत बोटांच्या खुणा उमटेपर्यंत.

गॅलरीत चार वाजल्यापासून डोमाजी कूलर उघडून बसलेला.
पंप जळाला होता, खसाची ताटी कुजली होती,
आणि त्याचं पाणी पिणं संपत नव्हतं.
पाचव्या ग्लासाला दारात आला, थांबला,
कपाळाला खसाची काडी चिकटलेली, हातात पान्हा.
"बाई, येवढं नका दाबू.
गोळ्याले जमवा लागते. दाबला का दगड होते त्याचा."
मी पाहिलं त्याच्याकडे.
"माही बायको पहाटेच कॉटन मार्केटले जाते ना,
घरी मीच रांधतो."

राग आला. खोटं कशाला सांगू.
सात गोळे दाबून झाले होते.
उरलेले सात मात्र नुसते जमवले,
पाखरू धरावं तशी मूठ करून,
आणि भातावर झाकण ठेवलं, वर पाण्याचा तांब्या.

सव्वाआठला आले. वैरागडे साहेब,
तुमसरची दोन पोरं, नुकती रुजू झालेली,
खोलीवर रोज मॅगी खाणारी,
आणि सुलभा झाडे, जिनं पर्स फ्रिजवर ठेवली
आणि न विचारता कांदा चिरायला घेतला.

"डोमाजी, बसा तुम्हीपण," मी म्हटलं.
धनराजनं माझ्याकडे पाहिलं.
चौदा गोळे, आठ माणसं.
मी कढीत पाणी घातलं, मीठ घातलं, कढी पुन्हा उकळली.

मग तेल. मोहरी, हिंग, लाल मिरच्या,
कुस्करलेल्या गोळ्यावर पळीतून चर्र,
आणि "बस" म्हणेपर्यंत थांबायचं नाही.
तुमसरची पोरं "बस" म्हणेनात.
हलके गोळे बोट लागताच भातात मिसळत होते,
वैरागडे साहेब म्हणाले, "आमच्या आर्वीला असे करतात,"
आणि नंतर बराच वेळ ते आर्वीलाच होते.

डोमाजीनं वाढप्याची वाट पाहिली नाही.
परातीतून एकच गोळा उचलला,
निवडून, घट्टातला,
अंगठ्यानं जोर लावून फोडला
आणि काही बोलला नाही.
मी पाहिलं हे त्याला कळलं असावं,
कारण तो लगेच उठला, बटन दाबून आला,
आणि ओल्या खसाचा वास सगळ्यांच्या ताटांवरून गेला.
पैसे घेताना दीडशे कमी घेतले. मी हट्ट केला नाही.

गुरुवारी कोणी येणार नव्हतं.
हलक्या हातानं सहा जमवले.
दोन भातातच फुटले, पातेलंभर पिवळे झाले.
"हे काय झालं?" धनराजनं विचारलं.
"भात," मी म्हटलं,
आणि तेल वाढलं.